पत्रीपुलावर अडकलोय

खोटं बोलताना मला विचार करावा लागत नाही. ही फुशारकी नाही, आमच्याकडची सवय आहे. कुणालाही फोन करून विचारा, कुठे पोचलास? माणूस अंगाला साबण लावून उभा असला तरी 'निघालोय' म्हणतो. कल्याण-डोंबिवलीत तर याची आयतीच सोय आहे. तिथला पत्रीपूल बारा महिने गाड्यांनी तुंबलेला, त्यामुळे पत्रीपुलावर अडकलोय म्हटलं की पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. मीही हे वाक्य आयुष्यात शेकडो वेळा वापरलं असेल, बँकेत, लग्नांना, एकदा तर सख्ख्या मामाच्या दहाव्याला. त्या रविवारी ते मी माझ्या बायकोला पाठवलं.

भावना माझी बायको. तिची सायकल खरं तर आमच्या समृद्धीची. पोरगी पुण्याला शिकायला गेली आणि सायकल बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये धूळ खात पडली. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी भावनाने ती पुसली, हवा भरली आणि चालवत सुटली. मी गॅलरीतून ओरडलो, "ऑलिम्पिक कधी आहे?" ती हसली आणि गेली. मग तिला बायकांचा एक ग्रुप मिळाला. त्यात आसावरी म्हणून बँकेतल्या मॅनेजर, मंदाकिनीबाई म्हणून बासष्ट वर्षांच्या निवृत्त शिक्षिका, आणखी तिघीजणी. सगळ्या शिकलेल्या, कॉम्प्लेक्समधल्या. आमची भावना एकटी गावातली, बारावीपर्यंत शिकलेली, आगरी घरातली सून. घरी तिचं तोंड बंद होत नाही. तिथे मात्र गप्प असते, असं तीच मला सांगायची. "त्या बोलतात, मी ऐकते," म्हणायची.

जानेवारीत त्यांनी नव्वद किलोमीटरचा बेत ठरवला. पहाटे डोंबिवलीहून निघायचं, शहापूरपर्यंत जायचं, तिथून कालव्याच्या कडेच्या कच्च्या वाटेने परत फिरायचं आणि खडवलीला स्टेशनपाशी थांबायचं. तिथून घरापर्यंत सायकल मारायचं कुणाच्याच अंगात उरणार नव्हतं. बायका लोकलने येतील, पण सहा सायकली कशा आणायच्या? ठरवलेल्या टेम्पोवाल्याने ऐन वेळी रविवार म्हणून नकार दिला. सगळ्या हातावर हात ठेवून बसल्या, तेव्हा भावना म्हणाली, "आमचा घरचा पिकअप आहे. आमचे मिस्टर येतील."

हे वाक्य तिने मला घरी येऊन तीनदा सांगितलं. भाकऱ्या थापता थापता सांगितलं, जेवताना सांगितलं आणि झोपायच्या आधी परत. आसावरी म्हणे टाळ्या वाजवून म्हणाल्या, भावना, तू वाचवलंस आम्हाला.

"एक वाजता हां. नक्की ना?"

"अगं, घरची गाडी आहे. मी काय पळून जातोय?"

"पळून नाही हो. पण मी तिथे पहिल्यांदा काहीतरी बोललेय."

मला ते तेव्हाच नीट ऐकू आलं होतं. ऐकू आलं नाही असं मी म्हणणार नाही.

रविवारी ती पहाटे साडेचारला गेली. मी अकराला पिकअप बाहेर काढला, मागे गोधड्या अंथरल्या, दोऱ्या टाकल्या. तेवढ्यात कोपरीहून मयूरचा फोन. मयूर माझा मामेभाऊ, तिकडच्या टेनिस बॉलच्या क्रिकेट स्पर्धा तोच भरवतो.

"दादा, पाचच मिनटां ये. फायनलचा टॉस तुझे हातून हाय. नाव लिहिलंय मी."

खडवली एका दिशेला, कोपरी बरोबर उलट्या दिशेला. हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पण मी मनात हिशेब मांडला. पाऊण तासात कोपरी, दहा मिनिटं तिथे, मग तासाभरात खडवली. थोडा उशीर झाला तर झाला, नदी आहे, झाडं आहेत, बायका फोटो काढत बसतील. स्वतःला पटवायला मला फार वेळ लागत नाही.

आमच्याकडच्या या स्पर्धा बाहेरच्या माणसाला कळणार नाहीत. गल्लीतल्या बॉलची मॅच, पण थाट सगळा मोठा. मांडव, सोफे, चार चार कॅमेरे, यूट्यूबवर लाइव्ह, आणि माइकवर एक कॉमेंटेटर, जो दर दोन मिनिटांनी कुणाचं तरी नाव घेतो. नाव घेतलं की माणूस सोफ्यावर जरा सरळ बसतो. मीही बसलो. मला पुढच्या रांगेत जागा दिली होती. प्रमुख पाहुणे यायचे होते, त्यांच्याशिवाय टॉस होणार नव्हता.

साडेबाराला भावनाचा मेसेज आला. "निघालात का?"

"निघालो," मी सोफ्यावरून लिहिलं.

एक वाजून पाच मिनिटांनी फोटो आला. सहा बायका, उन्हाने तोंडं लाल, गुडघ्यापर्यंत धूळ. मधोमध भावना, दोन्ही हात वर करून. लग्नाला चोवीस वर्षं झाली, मी तिला असे हात वर करताना कधी पाहिलं नव्हतं. खाली लिहिलं होतं, "पोचलो सगळ्या! मंदाकिनीबाईपण! कुठे आहात?"

मी अंगठा पाठवला आणि लिहिलं, "पत्रीपुलावर अडकलोय."

"सावकाश या. घाई करू नका."

हे वाचल्यावर तरी मी उठायला हवं होतं. मी उठायला म्हणून पुढे सरकलोही, पण मयूरने खांदा दाबला. "पावनं आलंच. आता उठलास तं नाव जाईल तुझा." मी परत मागे टेकलो. नाव जाईल या भीतीने टेकलो, दुसरं कारण काही नव्हतं. पावणेदोनला तिचा परत मेसेज आला. मी लिहिलं, "टिटवाळ्यात आहे, गणपतीला गर्दी, रस्ता जाम." देवालाही मधे घातलं. मग पाहुणे आले, माइकवर 'आपल्या सर्वांचे लाडके दिपेशशेठ' असं झालं, कपाळाला टिळा लागला, अंगावर शाल आली, हातात नारळ आला. खिशात फोन थरथरत होता. मी खिशात हात घालून तो कापला. परत वाजला, परत कापला. नाणं उडवलं, दोन्ही कॅप्टनशी हात मिळवले, कॅमेऱ्याकडे बघून हसलो.

मैदानातून बाहेर पडायला सव्वादोन झाले. ती शाल आणि नारळ मी सीटखाली सारला. कल्याण मागे टाकल्यावर गाडी बाजूला घेतली आणि बाटलीतल्या पाण्याने टिळा पुसून काढला. आरशात बघून पुसला. आता आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं, पण तेव्हा मला फक्त डाग राहिलाय का एवढंच बघायचं होतं.

खडवलीला पोचलो तेव्हा पावणेचार वाजले होते. स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीशेजारी त्या बसल्या होत्या. पाचजणी. सायकली झाडाला टेकवून ठेवलेल्या. मी दार उघडून उतरलो आणि कुणी काही विचारायच्या आत सुरू झालो. पत्रीपुलावर कंटेनर बंद पडला, दोन तास एक गाडी हलेना, मग टिटवाळ्यात गर्दी, फोनला रेंज नाही. कंटेनरचा रंगसुद्धा सांगितला. का सांगितला, देव जाणे.

 आसावरी माझ्याकडे बघत राहिल्या, मग बुटाची लेस बांधायला खाली वाकल्या. लेस बांधलेलीच होती. मला वाटलं, दमल्यात बिचाऱ्या.

"पत्रीपूल म्हणजे वैतागच," भावना म्हणाली. "चला, सायकली चढवू या."

तिने स्वतः एकेक सायकल उचलून दिली. मंदाकिनीबाई कुठे दिसत नाहीत म्हणून विचारलं, तर म्हणाली, त्यांचे मिस्टर अंथरुणाला खिळलेत, सांभाळणारी बाई चारला निघते, म्हणून त्या सायकल इथेच ठेवून लोकलने गेल्या. बाकीच्यांना चारची गाडी होती. जाताना त्या भावनाच्या पाठीवर हात ठेवून गेल्या. माझा निरोप कुणी घेतला नाही.

गाडीत भावनाने हेल्मेट मांडीवर ठेवलं. मग म्हणाली, "खूप त्रास झाला ना तुम्हाला?"

"अगं, विचारू नको. डोकं फिरलं."

"जेवलात का काही?"

"कुठलं जेवण? गाडीतच होतो."

ती खिडकीबाहेर बघत बसली. थोड्या वेळाने परत म्हणाली, "मला सांगायचं असेल तर सांगा हो, काय झालं ते." मी परत कंटेनर काढला. या वेळी ड्रायव्हरशी भांडणही घातलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. येताना पत्रीपूल मोकळा होता, आम्ही दोन मिनिटांत पार झालो. 

डोंबिवलीत पहिलं घर मंदाकिनीबाईंचं. दुसरा मजला, लिफ्ट नाही. खाली ठेवली तर चोरीला जाते म्हणून त्यांनी सायकल वर आणायला सांगितली होती. भावना म्हणाली, "तुम्ही जा, माझे पाय दुखतायत." मी सायकल खांद्यावर घेऊन चढलो. बाईंनी दार उघडलं. आत कॉटवर त्यांचे मिस्टर झोपलेले दिसत होते.

"सॉरी बाई, तुम्हाला असं मधेच जावं लागलं. पत्रीपुलावर आज..."

त्यांनी हाताने मला थांबवलं आणि दार ओढून घेऊन बाहेर आल्या.

"तिला सांगितलंत ना?"

"काय?"

"दिपेशराव, आम्ही बघितलं. तुम्ही फोन उचलत नव्हता, दोन वेळा कापलात. तिला वाटलं अपघात झाला. रडायला आली होती. लेकीला फोन लावला, तर लेक म्हणाली, बाबा लाइव्हवर दिसतायत, लिंक पाठवते. आम्ही सहाजणी त्या एका मोबाइलभोवती उभ्या होतो. तुमचं नाव घेतलं, शाल घातली, सगळं ऐकलं."

मी जिन्याचा कठडा धरला. 

"आसावरी भडकली होती. म्हणाली, येऊ दे त्यांना, सगळ्यांसमोर विचारते. भावनाने हात जोडले तिला. म्हणाली, त्यांना इथे काही विचारू नका. गाडीत बसलो की ते आपण होऊन मला सांगतील, माझा माणूस तसा नाही." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. शाळेतल्या पोराकडे बघावं तसं. "सांगितलंत ना मग?"

मी मान खाली घातली. सव्वा तासाचा रस्ता होता. तिने दोनदा दार उघडून दिलं होतं आणि दोन्ही वेळा मी तिला कंटेनर दाखवला होता. पाच बायकांपुढे जिने माझी लाज झाकली, तिच्यासमोर मी ड्रायव्हरशी भांडणाची नक्कल केली होती. मला जिना उतरायची भीती वाटली. सेहेचाळीस वर्षांचा माणूस, घरदार असलेला, आणि दोन मजले उतरून बायकोसमोर जायला पाय उचलेनात.

खाली आलो तर गाडीत कुणी नव्हतं. मागची दोरी सोडून परत नीट बांधलेली होती. भावनाची सायकल नव्हती.

ती मला मोठ्या रस्त्यावर दिसली. नव्वद किलोमीटर मारलेले पाय, हळूहळू पॅडल मारत होती. मी मागे मागे गाडी ठेवली. मागचे रिक्षावाले हॉर्न वाजवायला लागले, शिव्या द्यायला लागले, त्यांचं बरोबरच होतं. सिग्नलला ती थांबली तेव्हा मी गाडी तिच्या बाजूला लावली आणि काच खाली केली.

"भावना, मी खोटं बोललो. पत्रीपुलावर नव्हतो. कोपरीला होतो, टॉसला."

शेजारच्या रिक्षातली दोन माणसं वळून बघायला लागली. बघू देत, म्हटलं. "चुकलं माझं," मी जरा मोठ्याने म्हणालो.

तिने माझ्याकडे बघितलं नाही. एक पाय रस्त्यावर टेकून समोरच्या लाल दिव्याकडे बघत होती.

"हे मला दोन वाजताच कळलेलं," ती म्हणाली. "आता साडेपाच झालेत."

सिग्नल सुटला. तिने पाय उचलून पॅडलवर ठेवला आणि गेली.