बाबांपुरती साखर

तिने दोन्ही काचेच्या थाळ्या खिडकीच्या उजेडात धरल्या. साध्या थाळीवर जिवाणूंचे पांढरे ठिपके दाटीवाटीने उगवले होते. औषध घातलेली थाळी मात्र कोरी करकरीत होती. तिने झाकण काढून पुन्हा पाहिलं.

या जिवाणूंमध्ये तिनेच एक परकं जनुक बसवलं होतं. त्याच्या जोरावर ते साध्या साखरेपासून एक दुर्मीळ साखर बनवत. जिभेला गोड, पण रक्तात न चढणारी. काम जिकिरीचं, त्यामुळे संधी मिळाली की जिवाणू ते जनुक टाकून मोकळे होत. कामचुकारपणा काही माणसांनाच येतो असं नाही. म्हणून प्रयोगशाळेतल्या प्रत्येक चंबूत एक औषध घालायचा नियम होता. औषधापासून वाचवणारा तुकडा त्या जनुकालाच जोडलेला असल्याने जनुक टाकणारा जिवाणू त्या औषधाने मरायचा.

बाबांसाठी वेगळ्या लावलेल्या चंबूत तेवढं ते घातलेलं नव्हतं. त्यांच्या चहात औषधाचा कणही जायला नको, एवढीच तिची काळजी. पहिली खेप तिने यंत्रावर नीट तपासली होती. गेल्या महिन्याभरातल्या पुढच्या खेपा तपासायला सवड झाली नाही.

आज थाळ्यांवर लावलेले जिवाणू त्याच चंबूतले होते, आणि औषधाच्या थाळीवर एकही जगला नव्हता; सगळ्यांनी जनुक टाकलं होतं. म्हणजे महिनाभर बाबा साधी साखर खात होते. "ही बिनधोक आहे, आता रोज बोट टोचून मोजत बसू नका," असं तिनेच सांगितलं होतं. तिने थाळ्या टेबलावर ठेवल्या, अंगातला पांढरा कोट तसाच ठेवून ती रुग्णालयात गेली.

बाबा उशीला टेकून बसले होते. टाचेची जखम चिघळत वर चढली होती. उद्या सकाळी घोट्याच्या वरून पाय काढायचा, असं डॉक्टरांनी कालच सांगितलं होतं. एवढं पथ्य पाळून साखर चढली कशी, हे कोडं मात्र त्यांना सुटलं नव्हतं.

"जेवलीस का?" बाबांनी विचारलं.

"बाबा, तुमच्याशी बोलायचंय."

"डॉक्टर सारखे खोदून विचारतात, गोड काय खाता? मी ठणकावून सांगितलं, पोरीच्या हातची साखर सोडून काही नाही."

ती स्टुलावर बसली. बाबांची उभी नोकरी बिस्किटांच्या कारखान्यात गेली होती, भट्टीतून निघालेल्या घाण्यातलं पहिलं बिस्किट चाखून बाकीच्या घाण्याला हो किंवा नाही म्हणण्यात.

"खरं सांगू? आधीची तुझी साखर जरा फिकी लागायची. कौतुकापोटी प्यायचो चहा. मग महिन्यापूर्वी एकदम बदलली. अगदी दुकानातल्या साखरेसारखी. म्हटलं, जमलं पोरीला."

तिला रडू येत होतं, पण रडून सुटका करून घ्यायची तिला लाज वाटली.

"ती दुकानातल्यासारखी नव्हती, बाबा," ती म्हणाली. "तीच होती. साधी साखर. माझी चूक झाली."

शेजारच्या खाटेवरचा माणूस खोकला. बाबांनी तिच्या कोटाच्या बटणांकडे पाहिलं.

"म्हणजे जीभ अजून शाबूत आहे माझी," ते म्हणाले, आणि वाकून त्यांनी चादर पायावर ओढून घेतली, तिला दिसणार नाही अशी.