स्वयंपाकघरातल्या स्पीकरची वायर

दिग्रसच्या वामनरावांना कुठलीही गोष्ट निवडायला फार वेळ लागायचा. भूमी अभिलेख कार्यालयात पस्तीस वर्षं त्यांनी लोकांच्या हद्दी नकाशावर ओढल्या, पण स्वतःसाठी चपला घ्यायच्या तर रजनीताईंना सोबत न्यावं लागे. स्पीकरच्या वायरीत मात्र रजनीताईंचं काही चालणार नव्हतं.

वामनरावांना हौशी रेडिओचा, म्हणजे घरच्या सेटवरून दूरच्या माणसांशी बोलायचा, नाद होता. रीतसर परवाना, गच्चीवर ताणलेली तार आणि मागच्या खोलीत जुन्या पद्धतीने स्वतः जोडलेला सेट. रोज सकाळी साडेसहाला फुलसावंगीहून प्रेमसिंग राठोड हवेवर येत. मास्तरकीतून निवृत्त झालेले, बायको गेल्यापासून शेतातल्या घरात एकटे. "जय सेवालाल, वामनभाऊ. वहिनीले सांगा, माझा चहा ठेवा." सुरुवात याच वाक्याने व्हायची. रजनीताई खरोखरच एक कप जास्त टाकायच्या आणि तो वामनरावांना प्यावा लागायचा. एकवीस वर्षं हे चाललं होतं.

मास्तरांच्या गप्पा ओट्यापाशी ऐकू याव्यात म्हणून रजनीताईंनी स्वयंपाकघरात एक स्पीकर मागितला. वामनरावांनी घरात पडलेली साधी दोन पदरी वायर तीस फूट ओढली. स्पीकर लागला, पण वामनरावांनी बोलायचं बटण दाबलं की त्यांचाच आवाज तिकडून यायचा, घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा.

"तुम्ही तिकडे बोलता आणि इथे तुमचं भूत बोलतं," रजनीताई म्हणाल्या. "मला नाही सोसत."

दोष वायरीचा होता. जाळीचं कवच नसलेली लांब वायर अँटेनासारखी लहरी ओढून घेते. वामनरावांनी ती काढली. खोलीतला स्पीकरही त्याच सांध्यावर होता, तोही सुटला, म्हणून सेटच बंद ठेवला. नवी वायर आली की सगळं एकदमच जोडू. शेतात मास्तरांचा मोबाईल धड लागत नसे, म्हणून त्यांना कळवायचं राहिलं. दोनच दिवसांचा तर प्रश्न होता.

दोनाचे चार झाले.

"काका, चौथी चक्कर आहे," बसस्टँडजवळच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात कपिल म्हणाला. "वायर पाहून राह्यले का जावई?"

"जाड घ्यावी की जाळीची, तेच ठरत नाही."

"जाड न्या. डीजेवाले हेच नेतात. भिंत हालते."

"मला भिंत नाही हालवायची रे. मला त्यातून आवाज नको आहे."

कपिलने बाकड्यावर बसलेल्या माणसाकडे पाहिलं. "स्पीकर आहे, आन् आवाज नाही पाह्यजे. मंग वायर कायले नेता, काका? कपडे वाळू घालाले?"

वामनराव ओशाळून हसले. जाडीने काही होणार नव्हतं, तांब्याच्या जाळीचं कवच असलेली वायरच हवी होती, हे त्यांना पहिल्या दिवशीच ठाऊक होतं. तरी चार दिवस ते पुस्तकं उघडून आपलं चुकत तर नाही ना, हे पाहत बसले होते. शेवटी त्यांनी जाळीची दहा मीटर कापून घेतली.

ते घरात शिरले तोच फोन वाजला. मास्तरांचा मुलगा श्रावण होता.

"काका, बाबा गेले. सकाळी, सेटपुढं बसल्या बसल्या. गड्यानं दुपारी पाह्यलं. माईक हाताखाली दबून होता, बटण तसंच दाबलेलं." तो थोडा थांबला. "चार दिवसांपासून तुम्हाले हाका मारून राह्यले होते म्हणे. तुम्ही बाहेरगावी गेलते का?"

"हो," वामनराव म्हणाले.

दारात उभ्या रजनीताईंनी ते ऐकलं.

समोरच्याने बटण दाबलं की ऐकणाऱ्याच्या स्पीकरमधली खरखर थांबते. शब्द यायच्या आधीची ती शांतता कान ओळखायला लागतो. त्या दिवशी बॅटरी उतरेपर्यंत मास्तरांची तशी शांतता हवेत जात राहिली असणार. सेट सुरू असता तर निदान ती तरी ऐकू आली असती. वामनराव पुन्हा पुन्हा तिथेच येऊन अडखळत.

वायर पिशवीतच राहिली. तेरावा झाल्यावर एका सकाळी रजनीताईच म्हणाल्या, "जोडा ती. ज्यासाठी एवढं झालं ती जोडा तरी."

सहा वाजून पंचवीस मिनिटांनी वायर जमिनीवरून सैल पसरून, दोन्ही टोकं लावून झाली. वामनरावांनी बटण दाबून आकडे म्हटले आणि आतल्या दिशेने ओरडून विचारलं, "माझा आवाज येतो का गं तिथे?"

"नाही."

वायर बरोबर निवडली होती.

"पण खरखर थांबली," रजनीताई म्हणाल्या.

खोलीतल्या स्पीकरवर खरखर सुरूच होती. वामनराव स्वयंपाकघरात गेले. तिथला स्पीकर गप्प होता, पण बंद पडलेल्या स्पीकरचं गप्प असणं निराळं. ही कुणी बटण दाबल्यानंतरची शांतता होती, एकवीस वर्षं ओळखीची. आपलाच सांधा कच्चा असेल, असं स्वतःला सांगत ते परतले, सेटच्या बाजूचं टोक उपटलं आणि वायर ओढत पुन्हा स्वयंपाकघरात आले.

स्पीकर खरखरत होता.

वायरचं सुटं टोक त्यांच्या हातात होतं. रजनीताईंनी गॅस बारीक केला. खरखर थांबली.

"वाट पाहताहेत ते," रजनीताई हळूच म्हणाल्या. "त्यांना तरी खरं सांगा."

हातातलं टोक दारात टाकून वामनराव सेटपुढे जाऊन बसले. त्यांनी बटण दाबलं.

"मास्तर, वामन बोलतोय. मी बाहेरगावी गेलो नव्हतो. श्रावणला खोटं सांगितलं. मी घरीच होतो." त्यांनी दारातल्या वायरच्या टोकाकडे पाहिलं. "वायर निवडत होतो, मास्तर. ओव्हर."

ओव्हर म्हटलं की बटण सोडायचं, म्हणजे समोरच्याला बोलता येतं. वामनरावांना ते सोडवेना. दाबून ठेवलं तोवर उत्तर येऊ शकणार नव्हतं. अंगठा पांढरा पडला, कळ कोपरापर्यंत गेली, तेव्हा तो आपोआप सुटला.

सेटमधून नुसती खरखर. आत कपबशीचा आवाज झाला.

ते उठून गेले. वायरचं टोक दारात टाकलं होतं तिथेच होतं. स्पीकर आता साध्या खोक्यासारखा मुका होता. रजनीताई चहा गाळत होत्या.

"मास्तर काही बोलले?" वामनरावांनी विचारलं.

"तुमच्याशी नाही." त्यांनी वर पाहिलं नाही. "मला म्हणाले, वहिनी, माझा चहा ठेवा."

ओट्यावर तीन कप होते. वामनरावांनी सवयीने आपला प्यायला आणि तिसऱ्याकडे हात नेला. रजनीताईंनी तो कप उचलून स्पीकरपाशी सरकवला.

"तो राहू द्या," त्या म्हणाल्या. "आज तो तुमचा नाही."