पाद्र्याची गाडी

रजतनं मडगार्डवर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक केली, कान जवळ नेला आणि विचारलं, "काका, हे कुणी बनवलं?"

"मी," चंद्रभान म्हणाले. "ड्रमचा पत्रा हाय. मूळचं सडलं होतं. ठोकून ठोकून गोल केलं."

रजतनं मोबाइलवर काहीतरी टिपलं. जुन्या परदेशी मोटारसायकली विकत घ्यायच्या आणि हौशी संग्राहकांना विकायच्या, हा त्याचा धंदा. फोटो पाहून तो पुण्याहून पिकअप घेऊन वर्धा जिल्ह्यातल्या तळेगावला आला होता. इटलीत बनलेली ही मोटो गुझी सत्तर वर्षांची. चाळीस वर्षांपूर्वी एक इटालियन पाद्री मायदेशी परतताना ती बंद अवस्थेत चंद्रभानच्या गॅरेजात टाकून गेला. चंद्रभाननं ती चालती केली आणि चालती ठेवली. गावात तिला अजून पाद्र्याची गाडीच म्हणत.

गॅरेज मात्र दिवाळीपासून बंद होतं. चंद्रभानचा उजवा हात दोन वर्षं थरथरत होता, आता डावाही. सावंगीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आणि थरथर कमी होईल पण जाणार नाही, हेही सांगितलं. गेल्या महिन्यात क्लच हातातून सुटला आणि गाडी त्यांच्यासकट आडवी झाली. कुणीतरी चालवणाऱ्यानं न्यावी, एवढंच मग त्यांनी ठरवलं.

"कार्बुरेटर?"

"बुलेटचा. त्याच्यासाठी हा तुकडा मीच बनोला, पाहा."

"सायलेन्सर?"

"घरचा. आवाज ऐका तुमी, मूळच्यासारखाच."

मंदाबाई चहा घेऊन दारात थांबल्या होत्या. नवरा इतकं बोलताना त्यांनी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. कुठला भाग कसा घडवला हे त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. तो सीटच्या स्प्रिंगपर्यंत सगळं सांगत गेला, आणि रजत टिपत गेला.

शेवटी रजतनं मोबाइल खिशात ठेवला.

"काका, गाडी म्हणून मला ही नेता येणार नाही."

"काऊन? चालू करून दाखवा म्हणा ना. किक तुमी मारा, मी सांगतो."

"चालण्याचा प्रश्न नाही. माझी गिऱ्हाइकं गाडी चालवत नाहीत, ठेवतात. त्यांना ती कारखान्यातून निघाली तशी हवी असते. तुम्ही जेवढं बदललंय, तेवढी तिची किंमत..." तो थांबला. "राग मानू नका."

"बदललं म्हणून तर चालून राह्यली ते."

"ते खरंच आहे," रजत म्हणाला, आणि त्यानं मंदाबाईंच्या हातून कप घेतला.

चहा प्यायल्यावर तो पुन्हा गाडीपाशी उकिडवा बसला. मूळचे सुटे भाग मिळाले तर नेईन म्हणाला. हेडलाइट मूळचा निघाला, तो न्यायला बाजूला ठेवला; इंजिनाचं कवचही. मग इंजिनाच्या बाहेर डाव्या अंगाला असलेलं, ताटाएवढं लोखंडी चाक, फ्लायव्हील, त्यानं फडक्यानं पुसलं. कडेवर कोरलेले बारीक आकडे दिसले. बराच वेळ तो त्यावरून बोट फिरवत राहिला.

"हे बघा. हे अस्सल."

मंदाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मूळ चाकाला तडा गेला त्याला बावीस वर्षं झाली होती. विहिरींवरच्या जुन्या ऑइल इंजिनांची चाकं घेऊन चंद्रभान आर्वीच्या लेथवर अकरा दिवस बसले होते. दोन चाकं वाया गेली, तिसरं जमलं. जुन्यावर आकडे होते म्हणून त्यांनी नव्यावरही तेच पंचनं एकेक ठोकले. फसवायचं कुणाला होतं! तसंच व्हावं, एवढंच.

"काय काम आहे, काका! किती समतोल! आपल्याकडे कुणाला जमणार हे?"

चंद्रभानचं तोंड उघडलं. मंदाबाई वाट पाहत राहिल्या. चंद्रभाननं उजवा हात काखेत दाबून धरला.

"नाई," ते म्हणाले. "नाई जमत."

चाक उतरवायला तासभर लागला. चाक ओढून काढायचा पुलर रजतनं लावला, मंदाबाईंनी गाडी धरली, आणि चंद्रभान स्टुलावरून सांगत राहिले, आता अर्धा पीळ, आता थांबा. रजतनं ते दुलईत गुंडाळलं, हेडलाइट आणि कवचासोबत पिकअपमध्ये ठेवलं, पैसे दिले, वाकून पाया पडला आणि निघाला. मूळचं काढताना सुटं केलेलं मडगार्ड, सायलेन्सर, कार्बुरेटर सगळं फरशीवर पडून होतं.

मंदाबाईंनी कपबश्या उचलल्या.

"सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं असतं तर त्यानं ते बी खाली ठेवलं असतं."

"जास्त पैसे भेटले म्हणून?"

पैसे मघापासून कामाच्या टेबलावरच्या व्हाइसवरच पडून होते.

त्या झाडू घेऊन आल्या तेव्हा फोन वाजला. रजत अमरावतीच्या अलीकडे कुठंतरी जेवायला थांबला होता. मंदाबाईंनी स्पीकर लावून फोन नवऱ्यापुढे धरला.

"काका, त्या चाकाचा फोटो पाठवला होता. दुसऱ्या एका गिऱ्हाइकालाही तसंच हवंय. वर्षभर थांबायची तयारी आहे त्याची. फादरनी जास्तीचं सामान काही ठेवलं होतं का? दुसरं चाक?"

मंदाबाईंनी फोन आणखी जवळ नेला.

"दुसरं नाई होणार आता," चंद्रभान म्हणाले.

"म्हणजे मिळणार नाही, असंच ना?"

"हो," ते म्हणाले. "तेच."