ढालवाल्याचा हेडफोन

मित्रांनो, मी एक जुना हेडफोन आहे. पंचवटीत भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत प्रतिभाताईंचा गेमिंग कॅफे आहे. तिथल्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरशेजारी, खुंटीला मी टांगलेला असतो. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते खोक्यावर छापलं होतं. खोकं रद्दीत गेलं, त्याबरोबर तेही गेलं.

नवा होतो तेव्हा माझ्यावरून भांडणं व्हायची. "आधी मी धरलाय!" म्हणून पोरं मला दोन्हीकडून ओढायची. मग रंगीत दिव्यांचे हेडफोन आले, आणि माझ्या दांडीला काळी चिकटपट्टी लागली. माणसांचं प्रेम किती टिकतं ते तेव्हा कळलं. ज्याच्या कानांवर बसतो त्याचा चेहरा मला दिसत नाही, पण कानांवरूनच त्याची बरीच पारख होते. शरमेने आधी कान तापतात. तोंड नंतर लाल होतं.

भांडणात न पडणारा एकच होता, समर्थ. उरलेला हेडफोन तो घ्यायचा, म्हणून मी त्याचा झालो. गेममध्येही त्याने उरलेलंच काम घेतलं होतं, ढालवाल्या योद्ध्याचं. पंगतीला बसायला सगळ्यांनाच आवडतं, पण वाढायला कुणीतरी लागतंच ना?

हे काम दिसतं तितकं सोपं नाही हं. कॉम्प्युटरने सोडलेले राक्षस भोळे असतात. ढालवाल्याने आरोळी ठोकली की ते त्याच्याच अंगावर धावून येतात. पण समोरही माणसंच खेळत असली, की ती ढालीला वळसा घालून नेमकी मागच्या वैद्याला गाठतात. वैद्य म्हणजे सगळ्यांच्या जखमा भरणारा गडी. तो पडला की टीम संपली. म्हणून समर्थ एक डोळा कायम मागे ठेवायचा आणि घाव पडायच्या आत आडवा जायचा. झकास जायचा! पण खेळ संपल्यावर स्क्रीनवरच्या गुणांच्या फळ्यावर येतं काय? कोणी किती मारले. किती घाव अडवले, याला तिथे रकानाच नाही. माणसांचे हिशेब असेच. जे घडलं ते मोजतात, जे टळलं ते कोण मोजणार?

"सम्या, परत तळाला?" कप्तान सनी ओरडायचा. "तू खेळायला येतो का सोसायटीचा वॉचमन म्हणून?"

सगळे हसायचे. समर्थही हसायचा, पण त्याचे कान हसायचे नाहीत.

वैद्य होता शोएब. तो येवल्याहून, घरून खेळायचा. त्याच्या माइकमधून अब्बांच्या पैठणीच्या मागाची खटखट यायची, तेवढी सोडली तर तो कमीच बोलायचा. पण खेळ संपला की न चुकता म्हणायचा, "समर्थभाई, तू होता म्हणून वाचलो." हे ऐकायला समर्थ थांबायचा, हे मला ठाऊक आहे.

पुण्याला स्पर्धा होती. सनीने बजावून ठेवलं होतं, "आजच्या सामन्यात जो माती खाईल, तो पुण्याला येणार नाय." त्याचा डोळा शोएबवर होता. येवल्याचं नेट भरवशाचं नाही, असं तो आधीपासून म्हणायचा.

सामना रंगला. शत्रूचा एक तिरंदाज मरायला टेकला होता आणि पळत होता. तेवढ्यात शोएबची हाक आली, "समर्थभाई, आडवा ये! दोघं माझ्यावर आलेत!"

सनी दुसरीकडे आरडाओरडा करत होता, त्यात बाकीच्यांना काही कळलं नाही, पण ती हाक मी समर्थच्या कानात अगदी स्वच्छ पोचवली. तो वळला. मग परत फिरला आणि तिरंदाजामागे धावला. तिरंदाज पडला, समर्थचं नाव स्क्रीनवर झळकलं. मागे शोएब पडला. मग एकेक करून सगळेच पडले.

"शोएब! गेलं ना तुझं नेट?" सनी ओरडला.

"नेट चालू होतं, भाई. मी हाक मारली."

"कोणाला? सम्या, तुला आली का हाक?"

समर्थने मला गळ्यात ओढलं. "नाय रे. हा हेडफोनच भंगार आहे."

मित्रांनो, सगळ्यांचे आवाज माझ्यातून जातात, पण मला स्वतःचा आवाज नाही. मी त्याच्या गळ्यात तसाच लटकत राहिलो. लाज त्याची होती, पण ती माझ्या अंगाला चिकटली.

शोएब हळूच म्हणाला, "असेल भाई. जुना आहे ना तो."

"ते काही असो," सनी म्हणाला. "तू घरीच थांब. चांदवडचा एक वैद्य आहे, त्याला नेतो."

"बरं."

गल्ल्यावरून प्रतिभाताई उठून आल्या. "भंगार कोणाला म्हणतो रे? सकाळी मीच तपासलाय." त्यांनी मला स्वतःच्या कानांवर चढवलं. "हॅलो, येवला! ऐकू येतंय का?"

"येतंय, ताई."

"मलाही येतंय. तुझ्या घरी माग चाललाय तोसुद्धा." त्यांनी मला समर्थपुढे धरलं. "टाकायचा असेल तर तू टाक. चांगली वस्तू माझ्याच्याने टाकवत नाही."

समर्थने मला हातात घेतलं. मग त्याने मला डोक्यावर चढवलं. कान नुसते भाजत होते.

"शोएब, हाक आली होती. मी फळ्यावर नाव यावं म्हणून गेलो."

"माहितेय. तुझा ढालवाला माझ्याकडे वळला, मग गेला. दिसलं मला."

"मग बोलला का नाहीस?"

"सगळे तुझ्या अंगावर आले असते ना, भाई."

सनी मध्येच म्हणाला, "शोएब, तू ये. सम्या, तू नको."

"हो, मी नकोच," समर्थ म्हणाला, आणि मला खुंटीला अडकवून, कोणाकडेही न बघता निघून गेला.

मित्रांनो, आम्हाला आपटू नका, आमच्या वायरी ओढू नका, हे तुम्हाला सगळेच सांगतात. माझं मागणं निराळं आहे. आपली चूक आमच्या माथी मारू नका, कारण आम्हाला 'नाही' म्हणता येत नाही. आणि बोलता येत असूनही जो तुमच्यासाठी गप्प बसतो, त्याला आधी जपा. आम्हाला नंतर पुसलंत तरी चालेल.