दोन बोटांचा फरक

“अहो, सुतळी धरून धरून माझा हात भरून आला. घ्यायची की नाही, एकदाचं काय ते ठरवा!”

उस्ताद गाडीखाली वाकले होते, त्यामुळे बायकोचं ऐकू येत नसल्याचं सोंग त्यांना बरं वठवता आलं.

चाळीस वर्षं लोकांच्या ठोकलेल्या गाड्यांचे पत्रे सरळ करून ते दोन वर्षांपूर्वी घरी बसले. स्वतःची गाडी काही झाली नाही. आणि आता भंगारवाल्याच्या आवारात ही बया ठोकळ्यांवर उभी! जुन्या काळच्या शर्यतीच्या गाडीची हुबेहूब नक्कल. कुणा हौशी माणसाने साध्या गाडीच्या चॅसीवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, हाताने पत्रा ठोकून बनवलेली. मग एके दिवशी तिने खांबाला मिठी मारली आणि नाकाचा पार चेंदामेंदा झाला.

“मुळात नकली, त्यात फुटकी,” बायकोचं सकाळपासून चालू होतं. “या वयात हे खूळ कुठून शिरलं डोक्यात?”

पत्र्याची उस्तादांना फिकीर नव्हती. प्रश्न चॅसीचा होता. ती वाकली असेल तर गाडीला हात लावायचा नाही, हे ते गिऱ्हाइकांना आयुष्यभर बजावत आले होते. तपासायची रीत सोपी. एका कोपऱ्यातल्या बोल्टपासून तिरक्या कोपऱ्यातल्या बोल्टपर्यंत सुतळी ताणून गाठ मारायची, मग तीच सुतळी उरलेल्या दोन कोपऱ्यांत धरायची. गाठ बोल्टवर आली तर चॅसी सरळ.

गाठ दोन बोटं अलीकडेच राहिली.

“सांगा उस्ताद,” भंगारवाला म्हणाला. “नाहीतर उद्या कापायला घेतो.”

नीट बघावं म्हणून उस्तादांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. बघतात तर गाठ बरोब्बर बोल्टवर!

त्यांनी पलीकडे नजर टाकली. बायको भलतीकडेच बघत होती. तिच्या अंगठ्याखालचं सुतळीचं टोक बोल्ट सोडून चांगलं दोन बोटं पुढे आलं होतं.

“अगं, अंगठा सरकला तुझा.”

“सरकला नाही, सरकवला,” ती फणकाऱ्याने म्हणाली. मग आवाज खाली आला. “दिवसभर खिडकीशी बसून तोच पेपर चाळता तुम्ही. मला नाही बघवत.”

उस्तादांनी सुतळी गुंडाळून खिशात घातली.

“चॅसी वाकडी आहे,” त्यांनी भंगारवाल्याला सांगितलं. “ओढून सरळ करायला वर्ष जाईल. गाडी घेतली.”

“अहो उस्ताद, तुम्हीच तर सांगत होता...”

“गिऱ्हाइकांना सांगत होतो.”

ते टेम्पो ठरवून परत आले तोवर भंगारवाल्याने गाडी खाली उतरवली होती. बायको आत बसली होती. सीटवरच्या काचा तिने वेचून टाकल्या होत्या आणि पर्स मांडीवर घेतली होती.

“उतर, टेम्पोत चढवायचीय.”

“जरा बसा की आधी.”

उस्ताद गुडघे सांभाळत आत शिरले आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसले. टेम्पोवाला हॉर्न वाजवत राहिला.