मालकाचा पत्ता

ताईने शिलाई मशीन जुन्या चादरीत गुंडाळलं आणि दोरी धाकट्या भावाच्या हातात दिली. त्याने दोनदा गाठ मारली. गाठ पुन्हा सुटली.

"आवळ की घट्ट," ती म्हणाली. "मशीन आहे, मांजर नाही."

त्याला हसू आलं नाही. सकाळी तिला नवऱ्याचा फोन आला होता. आरडाओरडा नाही, शिवी नाही. 'वेबसाइटवर फ्रॉक पाहिले, टाका ओळखला तुझा,' म्हणाला, आणि मग या घराचा मजला, खोली, खालचं औषधांचं दुकान, सगळं सावकाश सांगितलं.

नवऱ्याच्या मारातून सुटून ती इथे आली, त्याला वर्ष होत आलं होतं. धाकट्याने तिला डोळ्यांत तेल घालून जपलं. दारावर पाटी लावली नाही, शेजाऱ्यांना थापा मारल्या. थापा मारायचं अंगच नसल्यामुळे दर वेळी कानापर्यंत लाल झाला. मग तिने शिवलेले फ्रॉक विकले जावेत म्हणून हौसेने वेबसाइट काढून दिली. वेबसाइटचं नाव नोंदवताना मालकाचा पत्ता आणि फोन विचारला होता; माहिती खरी नसेल तर नोंदणी रद्द होईल, असंही बजावलं होतं. सरळमार्गी माणूस तो! त्याने खोलीच्या नंबरासकट सगळं खरं भरलं. ती नोंद जगात कुणालाही बसल्या जागी वाचता येते, हे त्याच्या गावीही नव्हतं.

"आता लपवलंय मी," तो म्हणाला. "पण ज्यांनी आधीच उतरवून घेतलं, त्यांच्याकडे राहणारच."

"हं."

"मला वाटलं, खोटं लिहिलं तर तुझं दुकान बंद पडेल."

"माहीत आहे रे."

तिने त्याच्या बाहीला चिकटलेला दोरा काढला. ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. मशीन डिकीत ठेवून तो पुढच्या सीटवर बसायला गेला.

"तू नको येऊस," ताई म्हणाली.

"नुसता पोचवून येतो. जागा तरी बघतो."

"तो इथे येऊन तुलाच विचारेल रे," ती म्हणाली. तिने त्याच्या लाल झालेल्या कानाला हात लावला, आणि तिचे डोळे भरून आले.

"बरं," तो म्हणाला. ती आत बसल्यावर त्याने गाडीचं दार हळूच लावलं. टॅक्सी कोपऱ्यावरून कुठल्या बाजूला वळते ते दिसू नये म्हणून तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.