हातगुण

“मी कशालाच हात लावला नाही हो!” नवी ऑपरेटर दोन्ही हात वर करून खुर्चीसकट मागे सरकली. समोरच्या स्क्रीनवर अर्धा नकाशा उमटला होता. बघता बघता तोही गेला आणि नुसता निळा रंग उरला. खाली कोणालाच न कळणारी पांढरी अक्षरं.

“आणि लावला असता तरी काय बिघडलं असतं?” दारातून आत येत डॉक्टर म्हणाले. “कॉम्प्युटर आहे तो, मांजर नाही बोचकारायला.”

हे डॉक्टर म्हणजे कॉम्प्युटर दुरुस्त करणारे. पदवी लोकांनीच दिलेली. तीस वर्षांत गावातल्या निम्म्या कचेऱ्यांमधली मशीनं त्यांनी उघडून मिटली होती आणि त्यांच्या हाताला गुण आहे, असं सगळे म्हणत. डॉक्टर नुसते खोलीत आले तरी बंद पडलेलं मशीन आपसूक सुरू होतं, अशी ख्याती. आता खोटं कशाला बोला, अलीकडे डॉक्टरांनाही ते पटायला लागलं होतं.

ही कचेरी जुन्या नकाशांची. शंभर-शंभर वर्षांचे नद्यांचे, रस्त्यांचे, हद्दींचे नकाशे. हात लावला तर वाळक्या पानासारखे चुरा होणारे. ते पुरते जायच्या आत काचेवर पसरायचे, स्कॅन करायचे आणि कॉम्प्युटरात साठवायचे, हे या खोलीतलं काम. खोली सगळ्यात वरच्या मजल्यावर, थेट गच्चीखाली. भिंतीवरच्या ए.सी.ने बारा दिवसांपूर्वी मान टाकली होती आणि तो दुरुस्त करणारा रोज ‘उद्या येतो’ म्हणत होता.

“बारा दिवसांत नऊ वेळा बंद पडलं,” मागून साहेब आले. “डॉक्टर, पुन्हा तेच सुरू झालं बघा. नकाशाताई गेल्यापासून तीन वर्षं मशीन कसं गुण्यागोविंदाने चाललं होतं! आता हिचाही हात तसलाच निघाला, तर आम्ही कुठे जायचं?”

नवी ऑपरेटर कसनुसं हसली. साहेब गेले.

नकाशाताई कोण, हे डॉक्टरांना सांगायची गरज नव्हती. बावीस वर्षं या खोलीत काढलेली बाई. तिच्या हातात पडलेला नकाशा कधी फाटला नाही. मग शेवटच्या वर्षी तिच्यासमोरचं मशीन सारखं बंद पडायला लागलं. फायली अर्ध्या निघायच्या, नाहीतर उघडायच्याच नाहीत. आधी चेष्टा सुरू झाली, “ताई, मशीनकडे बघूसुद्धा नका, बंद पडेल!” चेष्टा करता करता लोकांना ते खरंच वाटायला लागलं. ताईंना खालच्या टपालाच्या टेबलावर बसवलं आणि चार महिन्यांत त्या नोकरीच सोडून घरी गेल्या.

“डॉक्टर,” नव्या ऑपरेटरने दार लोटून घेतलं. “बावीस वर्षं काम केलेल्या बाईला ठेवलं नाही. मला तर इथे येऊन आठच महिने झालेत. मागच्या वेळी तुम्ही दहाच मिनिटं तपासलं होतं म्हणतात. या वेळी पुरतं तपासा ना. दिवस जाऊ दे लागला तर. दोष माझाच निघाला तर मी गुपचूप जाते.”

डॉक्टरांना ‘दहाच मिनिटं’ जरा झोंबलं. पण पोरीचा चेहरा बघून ते खुर्ची ओढून बसले. मेमरी तपासायचा प्रोग्रॅम लावला. तो मेमरीत आकडे लिहितो, परत वाचतो, आणि वाचलेलं लिहिल्यापेक्षा वेगळं निघालं की लाल ओळ दाखवतो. सकाळचे दहा वाजले होते. पहिली फेरी बिनचूक गेली. दुसरीही गेली. “बघ,” डॉक्टर म्हणाले, “मशीन ठणठणीत आहे.” पोरीने मान खाली घातली.

बारानंतर छत तापलं. खोलीत बसवेना. डॉक्टरांनी मानेभोवती रुमाल गुंडाळला आणि पेपर वाचता वाचता त्यांना डुलकी लागली. दीडच्या सुमाराला पोरीने त्यांना हलवलं.

स्क्रीनवर एक लाल ओळ होती. मग तीन झाल्या. मग स्क्रीनभर लालच लाल.

“अरे!” डॉक्टर ताडकन उठले. “सकाळी तर…”

त्यांनी मशीन पुन्हा सुरू करून आतल्या सेटिंग्जमध्ये जायला बघितलं, तर मशीनने पासवर्ड मागितला. डॉक्टर चिडले. कोणी शहाण्याने इथे पासवर्ड घालून ठेवला? मग सवयीने त्यांनी स्वतःचा पासवर्ड टाकून पाहिला, आपण दुरुस्त केलेल्या मशीनच्या सेटिंग्जना कोणी हात लावू नये म्हणून ते घालायचे तो. सेटिंग्ज उघडल्या. तो पासवर्ड त्यांनी बायकोलासुद्धा कधी सांगितला नव्हता. म्हणजे हे मशीन आपणच हाताळलेलं, हे मधल्या वर्षांत ते विसरून गेले होते.

त्यांनी स्क्रू काढून कॅबिनेटचा पत्रा उघडला. आतल्या बाजूला एक पांढरी चिठ्ठी चिकटवलेली होती. हीसुद्धा त्यांचीच पद्धत. जिथे काम केलं तिथे तारीख घालून चिठ्ठी लावायची. नव्या दुरुस्तीवाल्यांना ते अभिमानाने सांगत, “आपल्या कामावर आपली सही हवी.” चिठ्ठीवर गोल, वळणदार अक्षरात लिहिलं होतं: ‘मेमरी दुप्पट केली. स्पीड वाढवला. दहा मिनिटं तपासलं. ठीक.’ खाली सही. तारीख चार वर्षांपूर्वीची.

मेमरीच्या दोन पट्ट्या शेजारी शेजारी बसलेल्या होत्या. जुनी जलद चालणारी. दुसरी, डॉक्टरांनी नंतर लावलेली, संथ. सेटिंगमध्ये मात्र दोघींना जुनीचाच वेग दिलेला. म्हणजे एक तगडा माणूस आणि एक दमेकरी, दोघांना हातात हात घालून पळवायचं. सकाळच्या गारव्यात दमेकरी कसाबसा पळतो. ऊन चढलं आणि ओझंही मोठं असलं, की कोसळतो. आणि एकेका नकाशाचं ओझं केवढं! सगळी मेमरी भरून जायची.

“कोणी केलं हो हे?” पोरीने निरागसपणे विचारलं.

“मी,” डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी विचारलं, “हा ए.सी. इथे कधी लागला?”

“ताईंना खाली बसवल्यावर लगेच, त्याच महिन्यात. अर्जही त्यांचेच होते म्हणे. दुपारी मशीन तापतं, ए.सी. द्या, असे तीन अर्ज होते. मंजुरी यायला उशीर झाला.”

डॉक्टरांनी भिंतीवरच्या बंद ए.सी.कडे पाहिलं. ताई गेल्या म्हणून मशीन नीट चाललं, असं अख्ख्या कचेरीने मानलं होतं. त्यांनीही मानलं होतं. आणि मशीन नीट चाललं ते ताईंनीच मागितलेल्या गारव्यामुळे.

तो दिवस त्यांना जसाच्या तसा आठवला. तक्रार आली म्हणून ते सकाळी सकाळी येऊन गेले होते. मशीन आपल्याच हातचं, त्यात काय दोष असणार, म्हणून पत्रासुद्धा उघडला नाही. दहा मिनिटं तपासून कागदावर लिहून दिलं: ‘मशीनमध्ये दोष नाही. हाताळणीतील चूक.’ ताई शेजारी उभ्या होत्या. “डॉक्टर, एकदा दुपारी या ना,” त्या म्हणाल्या होत्या, “सकाळी काही होत नाही त्याला.” त्यावर डॉक्टर म्हणाले होते, “का हो, मशीनला काय दुपारची झोप लागते?” सगळी खोली हसली होती. ताईसुद्धा हसल्या होत्या.

डॉक्टरांनी दोन्ही पट्ट्यांचा वेग संथ पट्टीच्या बेताचा केला. दोन मिनिटांचं काम. मग त्याच उकाड्यात तपासणी पुन्हा लावली आणि सहा वाजेपर्यंत ते स्क्रीनसमोरून हलले नाहीत. एकही लाल ओळ आली नाही. पोरीला हायसं वाटलं. तिने तीनदा आभार मानले आणि प्रत्येक वेळी डॉक्टरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. “झालं ना आता ठीक? मग सोडा. गाडलेली मढी कशाला उकरायची? बाजारात तुमचं एवढं नाव आहे.”

“नाव त्यांचंही होतं, साहेब,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी कोरा कागद मागून घेतला. लिहिताना दोनदा खाडाखोड झाली. तिसऱ्यांदा सगळं नव्याने लिहून एक प्रत साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि दुसरी घडी घालून खिशात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ताईंच्या घरी गेले. चौथ्या मजल्यावरचं घर. दार सुनेने उघडलं. आत ताई पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होत्या. केस अगदी पांढरे झाले होते.

“अगं बाई, डॉक्टर! या, या. वाट कशी चुकलात?” त्यांच्या बोलण्यात कुठेही अढी नव्हती. त्यानेच डॉक्टरांना जास्त अपराधी वाटलं.

मोरीजवळ कपडे धुवायचं मशीन थांबलं आणि वाजायला लागलं. ताई शेजारीच होत्या, हात लांबवला असता तरी बटण सापडलं असतं. पण त्यांनी हात मांडीवर घेतले आणि हाक मारली, “अगं, मशीन बोलावतंय तुला.”

“आले, आले!” सून हात पुसत आली. डॉक्टरांकडे बघून हसत म्हणाली, “आई कशालाच हात लावत नाहीत. मिक्सर गेला, रिमोट गेला, सगळं यांच्याच हातात असताना. आम्ही म्हणतो, आई, तुम्ही आपल्या घड्याच घाला.”

“मिक्सर बारा वर्षांचा होता,” ताई हळूच म्हणाल्या. पण त्याही हसत होत्या.

डॉक्टरांनी पाण्याचा पेला तसाच खाली ठेवला. “ताई, तुमच्या हाताला काही झालेलं नाही. माझ्या हाताला झालं होतं.” आणि त्यांनी सगळं सांगितलं. दोन पट्ट्या, चुकीचा वेग, लाल ओळी, चिठ्ठी, ए.सी. काही लपवलं नाही. बोलताना मान मात्र वर झाली नाही.

ताईंच्या हातातला टॉवेल अर्धाच घडी झालेला होता. तो तसाच राहिला.

“म्हणजे मी नव्हते?” त्या म्हणाल्या.

“नव्हता.”

“आणि तो नदीचा नकाशा?”

डॉक्टरांना त्या नकाशाचं माहीत होतं. कचेरीतल्या सगळ्यांनाच माहीत होतं. इतका जीर्ण, की एकदाच उलगडता येणार होता. ताईंनी दोन दिवस मऊ ब्रशने एकेक घडी सोडवत तो काचेवर पसरला होता. स्कॅन चालू असताना मशीन बंद पडलं. काचेवरून उचलताना नकाशाचा भुगा झाला आणि फाईल उघडली तेव्हा तीत निम्मी नदी होती. दुसरी प्रत कुठेच नव्हती.

“तोही माझ्यामुळेच गेला,” डॉक्टर म्हणाले.

ताईंचा चेहरा एकदम उतरला, मग लाल झाला. “तुम्ही हसला होतात,” त्या म्हणाल्या. “मी म्हटलं दुपारी या, तर तुम्ही हसला होतात.”

“हो.”

“लोक बोलले त्याचं मला एवढं नव्हतं हो, डॉक्टर. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? पण मला स्वतःला पटलं होतं ते. नातू झाला तेव्हा महिनाभर मी त्याला उचलून घेतलं नाही. कशाला उगीच, म्हटलं. ही समजली, मी दमते म्हणून.” त्यांनी सुनेकडे पाहिलं. “आता ते दिवस मी कुठून आणू?”

सून ओला कपडा हातात धरून उभी होती. कपड्यातलं पाणी फरशीवर ठिबकत होतं, तिला भान नव्हतं. “आई…” एवढंच ती म्हणाली.

डॉक्टरांनी खिशातून कागद काढला. ताई म्हणाल्या, “मला देऊ नका. मोठ्याने वाचा. हिला ऐकू दे.”

डॉक्टरांनी वाचलं. “मेमरीचे सेटिंग चुकीचे होते. ते मी केले होते. त्या वेळचा माझा अहवाल खोटा ठरतो. तेव्हाच्या ऑपरेटरबाईंची काहीही चूक नव्हती. हाताळणीतील चूक माझी.” खाली सही होती, तीच गोल आणि वळणदार.

“पुन्हा वाचा,” ताई म्हणाल्या. डॉक्टरांनी पुन्हा वाचलं.

निघताना त्या लिफ्टपर्यंत पोचवायला आल्या. डॉक्टर ‘नको, नको’ म्हणाले, पण त्यांनी ऐकलं नाही. कागद त्यांनी छातीशी धरला होता. बंद दारासमोर दोघं उभे राहिले. डॉक्टरांना वाटलं त्या बटण दाबतील, म्हणून ते थांबले. ताई थांबल्या होत्या, कारण त्यांच्याबरोबर असलेलं माणूसच नेहमी बटण दाबायचं. कोणीच दाबलं नाही. लिफ्ट खालीच राहिली.

मग ताईंच्या लक्षात आलं. त्यांनी कागद डाव्या हातात घेतला, उजवा हात साडीला पुसला आणि बोट बटणापर्यंत नेलं. तिथेच थांबून त्यांनी डॉक्टरांकडे बघितलं.

“दाबू का?” त्यांनी विचारलं.